जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून आपल्या फायली कशा काढाव्यात

कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला की त्यातले फोटो, कागदपत्रं, हिशेब सगळं गेलं असं बहुतेकांना वाटतं. पण बिघाड पुष्कळदा भलत्याच ठिकाणी असतो: पॉवर सप्लाय जळतो, मदरबोर्ड जातो, रॅम सैल होते, स्क्रीन बंद पडते किंवा विंडोजच्या फायली बिघडतात. यात हार्ड डिस्कवरच्या तुमच्या फायली सहसा शाबूत राहतात. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की त्या जिथल्या तिथे दिसतात. डिस्कच बिघडली असेल, तर मात्र सुरुवातीला आपण काय करतो आणि काय टाळतो यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

आधी ओळखा, नेमकं काय बिघडलंय

पॉवरचं बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर दोष बहुधा विजेच्या बाजूला आहे. विंडोजचं चिन्ह येऊन तिथेच अडकतं किंवा निळा पडदा येतो, तर विंडोज बिघडलेलं असू शकतं किंवा डिस्क खराब होत चाललेली असू शकते. बरीच वर्षं पडून असलेल्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक साधं कारण निघतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्यामुळे तारीख मागे जाते, बायोसमधल्या (मशिन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) नोंदी पुसल्या जातात आणि कॉम्प्युटरला कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तेच कळत नाही. सेल बदलून, बायोसमध्ये डिस्कचा क्रम पुन्हा लावून असं मशिन सुरू झालेलं मी पाहिलं आहे.

डिस्कची स्थिती तिच्या आवाजावरून कळते. सुरू होताना एकसारखी घरघर आणि मधूनच बारीक खुडखुड, हे निरोगी लक्षण. ठरावीक अंतराने येणारा ‘टक्... टक्... टक्’ हा आवाज मात्र गंभीर. वाचणाऱ्या हेडला जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मागे येऊन आपटतं आहे, असा त्याचा अर्थ. खरवडल्यासारखा आवाज त्याहून वाईट. हेड आणि तबकडी यांच्यात फक्त काही नॅनोमीटरचं अंतर असतं. हेड तबकडीला घासू लागलं की फिरण्याच्या प्रत्येक सेकंदाला डेटाचा थर खरवडला जातो. असा आवाज आला तर वीज लगेच काढा आणि थेट शेवटून दुसरा भाग वाचा.

जुन्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही

या एका नियमावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. फाइल डिलीट केली की साध्या हार्ड डिस्कवर तिचा मजकूर लगेच पुसला जात नाही. ती जागा ‘रिकामी’ अशी नोंद होते, एवढंच. पुढे काही नवीन लिहिलं गेलं आणि ते नेमकं त्या जागेवर पडलं, की जुनी फाइल कायमची जाते. जुनं विंडोज नुसतं सुरू केलं तरी ते लिहायला लागतं: पेज फाइल, लॉग, अपडेट, अँटिव्हायरसच्या नोंदी. फायली डिलीट झाल्या असतील तर ते विंडोज सुरूच करू नका, आणि फायली परत मिळवण्याचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर तर मुळीच टाकू नका.

डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडल्यावर विंडोज कधी ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारतं, कधी ‘इनिशियलाइझ’ करायला सांगतं. दोन्ही वेळा कॅन्सल. ‘स्कॅन अँड फिक्स’ असा आग्रह झाला तरी नाही म्हणा. त्यामागे चालणारं चेकडिस्क फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदवहीचा, हिशेब जुळवतं. तुमची फाइल वाचवणं हे त्याचं काम नाही. हिशेब जुळवताना ते तुटलेल्या नोंदी काढून टाकतं आणि उरलेल्या तुकड्यांना आकड्यांची नावं देऊन बाजूला ठेवतं. कमकुवत डिस्कवर ते चालवणं मला फार धोक्याचं वाटतं.

तयारी

फायली ठेवायला एक चांगली डिस्क हवी, शक्यतो जुन्या डिस्कपेक्षा मोठी. ती एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली नसावी, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालेल. शिवाय योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर, डिस्कच्या प्रकाराप्रमाणे यूएसबी अडॅप्टर आणि एक रिकामा पेनड्राइव्ह. आत काय काय होतं याची आठवणीने यादी करा आणि ती महत्त्वाप्रमाणे लावा. डिस्क मध्येच दगा देण्याची शक्यता असेल तर पुन्हा मिळू न शकणाऱ्या गोष्टी आधी यायला हव्यात. सिनेमे आणि सॉफ्टवेअर दुसरीकडून मिळतील, फोटो नाही.

डिस्क न काढता: लिनक्सचा पेनड्राइव्ह

मशिनला वीज मिळते, स्क्रीन दिसते, फक्त विंडोज चालत नाही, अशा वेळी डिस्क बाहेर काढायची गरज नाही. विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स ही मोफत प्रणाली इथे कामी येते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिचे उबंटू किंवा लिनक्स मिंट हे प्रकार डाउनलोड करा आणि रूफस किंवा बलेना एचर वापरून पेनड्राइव्हवर उतरवा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा त्यावर काही ठेवलेलं नाही ना हे पाहून घ्या. जुन्या मशिनला तो लावून सुरू करताना एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबत राहा आणि यादीतून यूएसबी निवडा. पुढे ‘ट्राय’ म्हणजे वापरून पाहा हा पर्याय घ्यायचा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका; त्यात जुनी डिस्क पुसली जाऊ शकते.

लिनक्स सुरू झालं की फाइल मॅनेजरच्या डाव्या कडेला जुनी डिस्क दिसते. विंडोज अर्धवट झोपलेल्या स्थितीत बंद झालं असेल तर लिनक्स ती उघडायला कुरकुर करतं किंवा फक्त वाचण्यापुरती उघडतं. आपल्याला वाचायचंच आहे, तेव्हा जबरदस्तीने लिहिण्याची परवानगी मिळवू नका. डिस्क दिसतच नसेल आणि लॅपटॉप अलीकडचा असेल, तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर लावलेलं असण्याची शक्यता असते, अशा वेळी डिस्क बाहेर काढून वाचणं सोपं. फार जुनं, ३२-बिट प्रोसेसरचं मशिन असेल तर त्यावर आजचं उबंटू चालत नाही. तिथेही मी सरळ डिस्कच काढतो.

डिस्क बाहेर काढणं आणि जोडणं

वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवा. डिस्क कडेने धरा, खालच्या हिरव्या किंवा निळ्या सर्किटला बोटं लावू नका.

आता कनेक्टर पाहा. साटा डिस्कला इंग्रजी एल आकाराच्या दोन चपट्या खाचा असतात, एक लहान आणि एक मोठी. लॅपटॉपची २.५ इंची साटा डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपची ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टही मागते, म्हणून तिच्या अडॅप्टरला वेगळा प्लग लागतो. त्याच्यासोबत आलेलाच प्लग वापरा. लॅपटॉपचा चार्जर बसतो म्हणून लावला तर डिस्क जळू शकते.

त्याहून जुनी डिस्क असेल तर पिनांच्या दोन रांगा दिसतील. ही आयडीई. डेस्कटॉपच्या आयडीईला ४० पिनांची जागा असते आणि शेजारी जंपरचं छोटं टोपण असतं. यूएसबी अडॅप्टरला ती बहुधा ‘मास्टर’ म्हणून लावलेली लागते. टोपण कुठल्या पिनांवर हवं ते डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं. डिस्क फिरते पण दिसत नाही, अशा वेळी आधी हेच तपासा. लॅपटॉपच्या आयडीईत ४४ पिना असतात, आणि थोडं अंतर सोडून जंपरच्या आणखी ४. घाईत कनेक्टर एक रांग सरकून बसतो आणि पिन वाकते किंवा वीज भलतीकडे जाते. उजेडात, डोळ्यांसमोर धरून, दोन्ही टोकं जुळली आहेत हे बघून मगच दाबा.

पातळ पट्टीसारखी एम.२ असेल तर ती साटा जातीची की एनव्हीएमई, हे लेबलवर वाचून त्याप्रमाणे यूएसबी केस घ्या. काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डलाच डकवलेलं असतं. तिथे काढायला काही नसतंच.

कुलूप: पासवर्ड आणि एन्क्रिप्शन

लॉगिनचा पासवर्ड विसरलो म्हणजे फायली गेल्या, असं अनेकजण समजतात. साधा विंडोज पासवर्ड फक्त दार अडवतो, फायली तो गुप्त करत नाही. डिस्क दुसरीकडे जोडली की त्या वाचता येतात. विंडोजवर ‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर ‘कंटिन्यू’ दाबल्यावर फोल्डर उघडतो. मोठ्या फोल्डरला वेळ लागतो. मात्र असं करताना विंडोज डिस्कवर नव्या परवानग्या लिहितं, म्हणून डिस्क नाजूक असेल तर हे काम लिनक्समधून करा. तिथे ही परवानगी आडवी येत नाही.

बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनचं (अख्खी डिस्क गुप्त करणाऱ्या कुलपाचं) तसं नाही. डिस्क दुसऱ्या मशिनला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर फायली उघडत नाहीत. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताना हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेलं असू शकतं आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. अशा वेळी ती की बहुधा त्याच खात्यात जमा असते. खात्याच्या पानावर डिव्हाइसच्या नावाखाली शोधा. २०१८च्या आसपासपासूनच्या टी२ चिप असलेल्या आणि ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवरच्या मॅकमध्ये स्टोरेज त्या चिपला बांधलेलं असतं. तिथे मशिन दुरुस्त करून त्याच्यातूनच फायली काढाव्या लागतात.

विंडोज एक्सपी प्रोफेशनलच्या काळात फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून एन्क्रिप्ट केलेल्या फायलींची नावं हिरवी दिसायची. तुमच्या अशा फायली असतील तर त्या जुन्याच विंडोजमध्ये, जुन्याच खात्याने उघडून एन्क्रिप्शन काढावं लागेल. त्यासाठी जुना लॉगिन पासवर्ड लागतो, आणि तो बाहेरून जबरीने बदललात तर फायली कायमच्या बंद होतात.

फायली लपतात कुठे

एक्सपीमध्ये सगळं सी ड्राइव्हवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात, व्हिस्टापासून ‘युजर्स’मध्ये. तिथे प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाने फोल्डर असतो आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. घरात चार जणांची खाती असतील तर चारही उघडा, ‘पब्लिक’सुद्धा. विंडोज मध्ये कधी नव्याने टाकलं असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ असा फोल्डर दिसेल. मागच्या खात्याच्या फायली त्यात मिळतात. डी आणि ई पार्टिशन विसरू नका. लोक महत्त्वाच्या गोष्टी ‘न्यू फोल्डर’ नावाच्या फोल्डरातच ठेवतात, त्यामुळे नावावरून काही वगळू नका.

लपलेले फोल्डर दिसतील असं सेटिंग करा आणि ‘ॲपडेटा’ उघडा. आउटलुकच्या पीएसटी (मेल साठवणाऱ्या) फायली जुन्या आवृत्त्यांमध्ये इथेच असतात, २०१०पासून डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये. थंडरबर्डची सगळी मेल, फायरफॉक्स आणि क्रोमचे बुकमार्कही इथेच. फायरफॉक्सचा अख्खा प्रोफाइल फोल्डर उचलला तर साठवलेले पासवर्डही येतात. क्रोमचे येत नाहीत, कारण ते विंडोजच्या लॉगिनशी बांधलेले असतात. आयट्यून्सने घेतलेला जुन्या फोनचा बॅकअप ‘ॲपल कॉम्प्युटर’ फोल्डरातल्या ‘मोबाइलसिंक’मध्ये पडून असतो. हरवलेल्या फोनचे फोटो आणि मेसेज तिथे सापडू शकतात, म्हणून हा फोल्डर मी कधीच सोडत नाही.

वर्षानुवर्षं मराठीत टाइप करणाऱ्यांनी फॉन्टकडेही बघावं. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती यांसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर नव्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. जुन्या डिस्कवरच्या ‘विंडोज’ फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ फोल्डर सोबत कॉपी केलात तर तो मजकूर वाचता येतो आणि पुढे युनिकोडमध्ये बदलताही येतो. जुन्या वर्ड फायली उघडायला लिब्रेऑफिस पुरेसं आहे.

वनड्राइव्हच्या फोल्डरात नाव दिसतं पण फाइल डिस्कवर नसते, असं होऊ शकतं. ती खात्यात लॉगिन करून ऑनलाइन शोधा. युजरचा अख्खा फोल्डर एका दणक्यात कॉपी करू नका. त्यातले काही जुने दुवे पुन्हा स्वतःकडेच वळतात आणि कॉपी संपतच नाही. एकेक फोल्डर घ्या.

डिस्क थकलेली असेल तर

कॉपी मध्येच अडकते, वेग काही केबीवर येतो, एखादी फाइल उघडताना सगळं गोठतं. इथे थांबा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा: बदललेले, अडलेले आणि न वाचता आलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५चा आकडा वाढत असेल तर फाइल-फाइल कॉपी करत बसणं महागात पडतं, कारण विंडोज प्रत्येक खराब जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटतं आणि डिस्क आणखी झिजते.

अशा वेळी आधी पूर्ण डिस्कची प्रत काढतात. ग्नू डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचं मोफत साधन मला यासाठी सर्वांत भरवशाचं वाटतं. ते आधी सहज वाचता येणारे भाग पटापट घेतं, अडलेली जागा सोडून पुढे उडी मारतं आणि शेवटी मागे येऊन त्या जागा थोड्या थोड्या कुरतडतं. मॅप फाइलमध्ये कुठपर्यंत आलो याची नोंद राहते, त्यामुळे मध्ये थांबवून, डिस्क थंड होऊ देऊन, तिथूनच पुढे सुरू करता येतं. मॅप फाइल न देता ते चालवू नका.

आज्ञेत तीन गोष्टी याच क्रमाने येतात: जुनी डिस्क, इमेज फाइलची (डिस्कच्या प्रतीची) जागा, मॅप फाइल. पहिली दोन उलटी झाली तर तुमची जुनी डिस्क पुसली जाऊ शकते. लिनक्सच्या ‘डिस्क्स’ या ॲपमध्ये मॉडेल नंबर आणि आकार बघा, कागदावर लिहा, आज्ञा वाचून दाखवा आणि मग एंटर दाबा. पहिल्या फेरीत खराब जागा कुरतडणं टाळणारा एन पर्याय द्या. पडद्यावर ‘रेस्क्यूड’पुढची टक्केवारी बहुधा झपाट्याने चढते आणि शेवटच्या काही टक्क्यांवर रेंगाळते. मग दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्नांची मुभा द्या. इमेजला पूर्ण डिस्कएवढी जागा लागते, आत फायली कितीही कमी असोत. पुढचं सगळं काम त्या इमेजवर, जुनी डिस्क बाजूला.

डिलीट किंवा फॉरमॅट झालेलं

पार्टिशन गायब असेल तर टेस्टडिस्क, फायली गेल्या असतील तर फोटोरेक. दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत आणि एकत्रच मिळतात. फोटोरेक फाइल सिस्टिमकडे न बघता फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतं, त्यामुळे फॉरमॅट झालेल्या डिस्कवरूनही फोटो मिळतात, पण मूळ नावं आणि फोल्डर जातात. हजारो आकड्यांच्या नावांत ब्राउझरची बारीकसारीक चित्रंही येतात. आकाराप्रमाणे लावा आणि १०० केबीपेक्षा लहान फोटो आधी बाजूला काढा. उरलेले एक्झिफमधल्या (फोटोतच साठवलेल्या नोंदीतल्या) तारखेप्रमाणे लावता येतात. डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ या पद्धतीने सहसा पुरे मिळत नाहीत.

एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, ही आशा फार कमी. विंडोज ७पासून ट्रिमची सोय आहे. डिलीट केल्यावर एसएसडी ती जागा स्वतःच रिकामी करते आणि मग सॉफ्टवेअरला हाती फक्त शून्यं लागतात.

कधी थांबायचं

टकटक, खरवड, पाण्यात पडलेली किंवा आपटलेली डिस्क, किंवा वीज देऊनही अजिबात न फिरणारी: यातलं काही असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर घरी प्रयत्न करू नका. धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या. डिस्क उघडू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका. आत दव धरतं आणि तबकडी खराब होते. त्याच मॉडेलचं सर्किट लावून बघण्याचा जुना उपायही आता क्वचितच चालतो, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्या सर्किटवरच्या चिपमध्ये साठवलेली असतात. देण्याआधी विचारा: तपासणीचे पैसे किती, काही मिळालं नाही तर काय, आणि मिळालेल्या फायलींची यादी आधी दाखवाल का. यादी न दाखवता पूर्ण रक्कम मागणाऱ्याकडे मी डिस्क ठेवणार नाही.

तपासणी

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांची प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि बाइट जुळवा. मग फायली खरोखर उघडून बघा, नुसत्या छोट्या चित्रांवर विसंबू नका. फोटोचं छोटं चित्र फाइलच्या सुरुवातीलाच साठवलेलं असतं, त्यामुळे ते छान दिसतं आणि फोटो उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो. व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून बघा. जुन्या डिस्कवरून व्हायरसही येऊ शकतात, तेव्हा कॉपी झालेल्या फोल्डरावर स्कॅन चालवा आणि ‘ईएक्सई’ फायली सोडून द्या.

दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा. दोन्ही प्रती तपासून होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका, कुणाला देऊ नका. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर कॉम्प्युटरचं नाव, तारीख आणि ‘प्रत काढली’ असं लिहून कोरड्या जागी ठेवा. पुढे काही महिन्यांत एखादी फाइल राहून गेल्याचं लक्षात आलं, तर ती इथूनच पुन्हा काढता येईल.